कारखान्याशेजारचा प्लॉट आणि नाबोथाचा मळा

अभ्यासपाठ
वाचनासाठी शास्त्रभाग : लेवीय 25:14-31, 1 राजे 21:1-19, यिर्मया 32:6-15



कामाच्या निमित्ताने मुंबई, पुणे, नाशिकच्या मंडळ्यांत जाणे होते. उपासना संपल्यावर चहा घेताना लोक पाड्यांवरच्या कामाची चौकशी करतात, प्रार्थनेचे विषय लिहून घेतात, आणि अलीकडे हमखास कोणीतरी बाजूला घेऊन विचारतात, “ताई, तुम्ही त्या भागात असता. बोईसर-वाड्याकडे एक प्लॉट घ्यावा म्हणतो. कसे वाटते?” विचारणारे लोभी नसतात. कोणाच्या हातात प्रॉव्हिडंट फंड आलेला असतो, कोणाला मुलीच्या शिक्षणासाठी पैसा वाढवायचा असतो, मुंबईत घर घेणे तर आवाक्याबाहेरच गेलेले असते. त्यात ‘मोठ्या कंपन्या येताहेत, भाव दुप्पट होणार’ असा मेसेज मोबाइलवर येऊन पडतो. प्रश्न खरा आहे, म्हणून या अंकाचा पाठ त्यावर घेतला आहे. जमिनीत पैसा गुंतवणे पाप आहे का, हा आजचा विषय नाही. आपण घेणार ती जमीन कोणाची आहे आणि तिचा भाव कशावर ठरला, एवढे पाहायला शिकायचे आहे.

भाव कशावर ठरतो

पालघर जिल्ह्याकडे गुंतवणूकदारांचे लक्ष जाण्याला कारणे आहेत. तारापूर-बोईसरची औद्योगिक वसाहत जुनी आहे; औषधे, रसायने, कापड, पोलाद असे अनेक कारखाने तिथे चालतात. मुंबई-अहमदाबाद महामार्ग जिल्ह्यातूनच जातो. मालगाड्यांचा स्वतंत्र रेल्वेमार्ग, बुलेट ट्रेनची विरार आणि बोईसर ही स्थानके, दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग, हे सगळे याच पट्ट्यात. त्यात जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदराला मंजुरी दिली. खर्च सुमारे 76,000 कोटी रुपये. ऑगस्टच्या अखेरीस भूमिपूजनही झाले. बंदरामागे गोदामे येतात, गोदामांमागे कारखाने येतात, हा हिशेब काही चुकीचा नाही.

मात्र जमिनीचा भाव कारखाना उभा राहिल्यावर चढतो असे आपण समजतो, तसे घडत नाही. भाव बातमीवर चढतो. पहिली चढ त्यांच्या खिशात जाते ज्यांना नकाशा आधी ठाऊक असतो. दुसरी चढ घोषणा छापून आल्यावर होते. रंगीत पत्रक घेऊन एजंट आपल्या दारात येतो तोवर पुढच्या दहा वर्षांची वाढ त्या भावात आधीच धरलेली असते, आणि कारखान्याची अजून पायाभरणीही झालेली नसते. कारखाना आलाच नाही तर? पश्चिम बंगालमध्ये सिंगूरला टाटांचा मोटारीचा कारखाना अर्धा उभा राहिला आणि ऑक्टोबर 2008 मध्ये गुजरातेत साणंदला हलला. संपादन केलेली ती सुमारे 997 एकर जमीन शेतकऱ्यांना परत करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिला. आपल्याकडे नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना 2019 मध्ये रद्द झाली. तळेगावला येणार म्हणून गाजलेला सेमीकंडक्टरचा प्रकल्प 2022 मध्ये गुजरातने नेला, आणि पुढच्याच वर्षी त्यातल्या परदेशी भागीदाराने अंग काढून घेतले. त्या बातमीवर ज्यांनी चढ्या भावाने जागा घेतल्या असतील, त्यांच्या हाती बातमीच राहिली.

आता लेवीय 25 उघडा. योबेल वर्षाचे नियम आपण अनेकदा वाचतो, पण 14 ते 16 या ओव्यांत जमिनीचा भाव काढण्याची रीत सांगितली आहे, तिकडे सहसा लक्ष जात नाही. पुढचे योबेल किती वर्षांवर आहे ते मोजायचे, तेवढ्या वर्षांत किती पिके निघतील ते पाहायचे, आणि त्यावर किंमत ठरवायची. वर्षे जास्त तर किंमत जास्त, वर्षे कमी तर किंमत कमी. म्हणजे विकली जातात ती पिके. जमीन परमेश्वराची, म्हणून ती कायमची विकायचीच नाही, हे 23 व्या ओवीत येते. उद्या इथे काय होणार या अंदाजाला त्या किमतीत जागाच नाही.

हा हिशेब आपल्या वाडा तालुक्याला लावून पाहण्यासारखा आहे. वाडा कोलम तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या भातखाचराची किंमत एका बाजूला कोलमच्या पोत्यांत होते, दुसऱ्या बाजूला एजंटच्या गुंठ्यांत. दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्या फरकातला फार थोडा वाटा खाचर कसणाऱ्याला मिळतो. नव्वदच्या दशकात सरकारी सवलतींमुळे वाड्यात कारखान्यांची रीघ लागली होती. कुडूसच्या बाजूला शीतपेयांपासून लोखंडापर्यंत सगळे आले. सवलतींची मुदत संपल्यावर त्यातले काही बंद पडले. विकलेली खाचरे मात्र परत भाताखाली आली नाहीत.

कायदा काय म्हणतो

इथे थोडे रूक्ष वाचावे लागेल, पण हा भाग सोडू नका. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा आणि वाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. पालघर आणि वसई तालुक्यांतलीही काही गावे त्यात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत 1974 साली कलम 36अ घातले गेले. त्यानुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा अशा कोणत्याही मार्गाने परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतचे गहाण किंवा भाडेपट्टा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. बाकी सर्व बाबतींत जिल्हाधिकाऱ्यांना राज्य शासनाची पूर्वमान्यता घ्यावी लागते. त्याच गावातला किंवा पाच किलोमीटरच्या आतला कोणी आदिवासी ती जमीन घ्यायला तयार नाही, याचीही आधी खात्री करायची असते. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचाही प्रश्न येतो. वनहक्क कायद्याने, म्हणजे 2006 च्या कायद्याने, मिळालेली जमीन वारसाला जाते, पण ती विकताच येत नाही, कोणालाच नाही.

आधी गेलेल्या जमिनी परत देण्यासाठीही महाराष्ट्राने 1974 मध्येच वेगळा कायदा केला. तो घटनाबाह्य आहे म्हणून खरेदीदार न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली लिंगप्पा पोचन्ना खटल्यात तो कायदा वैध ठरवला. दुबळ्याशी झालेला व्यवहार बरोबरीचा नसतो, हे त्यामागचे तत्त्व. म्हणून ‘त्याने राजीखुशीने सही दिली’ हा बचाव अशा व्यवहारात चालत नाही. बेकायदा हस्तांतर कित्येक वर्षांनंतरही रद्द होऊ शकते. जमीन जाते आणि दिलेले पैसेही अडकतात.

मग व्यवहार होतात कसे? एजंटकडे वाटा तयार असतात. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र नोटरीपुढे करून ताबा घ्यायचा. जमीन दुसऱ्या आदिवासी माणसाच्या नावावर घ्यायची आणि पैसा आपला घालायचा; हा सरळसरळ बेनामी व्यवहार आहे, त्याला एक ते सात वर्षांची सक्तमजुरी आहे आणि मालमत्ताही जप्त होते. किंवा मोठ्या तुकड्याचे गुंठे पाडून ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून विकायचे. ग्रामीण शेतजमीन ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्यात विकायला तुकडेबंदी कायदा आड येतो, आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला कूळकायदा आड येतो. पत्रकात यातले काही लिहिलेले नसते. डहाणू तालुक्यात ‘इंडस्ट्रियल प्लॉट’ दाखवणाऱ्याला तर मी एकच विचारा म्हणते : केंद्र सरकारच्या 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि उद्योगांसाठी अख्ख्या तालुक्यात मिळून 500 एकरांची मर्यादा घातली, तुमचा प्लॉट त्यात बसतो का? बहुतेक वेळा फोन तिथेच संपतो.

मोहोर, साक्षीदार, उपास

नाबोथाची गोष्ट आपण लहानपणी शब्बाथशाळेत ऐकली ती दुष्ट राणीची गोष्ट म्हणून. मोठेपणी ती जमिनीच्या व्यवहाराची कागदपत्रे वाचावीत तशी वाचावी.

अहाबाचा पहिला प्रस्ताव पाहा. राजवाड्याला लागून असलेला मळा त्याला भाजीसाठी हवा आहे. बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत घे, असे तो म्हणतो. बाजाराच्या हिशेबाने प्रस्ताव वाईट नव्हता. आजच्या पुष्कळ जमीनमालकांना असा मिळत नाही. नाबोथ किमतीवर घासाघीस करत नाही. वाडवडिलांचे वतन विकायचे नाही, एवढेच त्याचे उत्तर. राजा रुसून तोंड फिरवून निजतो. आपल्याकडे ‘गावातला एकच माणूस अडून बसलाय, त्याच्यामुळे सगळा प्रोजेक्ट रखडला’ असे ऐकू येते तेव्हा मला तो पलंग आठवतो.

पुढे ईजबेल जे करते त्यात कुठेही उघड दरोडा नाही. पत्रे राजाच्या नावाने जातात, त्यांवर राजाची मोहोर असते. ती नगरातल्या वडीलजनांकडे आणि प्रतिष्ठितांकडे रीतसर पोहोचतात. उपास जाहीर होतो, म्हणजे धर्मही साक्षीला उभा केला जातो. साक्षीदार दोन असतात, कारण नियमशास्त्राला दोन हवेत. कागद पूर्ण, साक्षी पूर्ण, सभा पूर्ण. नाबोथ दगडमाराने मरतो आणि अहाब ताबा घ्यायला खाली मळ्यात उतरतो. परमेश्वर एलीयाला पाठवतो तो राजवाड्यात नाही, त्या मळ्यातच. प्रश्न मालकीहक्काच्या जागेवरच विचारला जातो. पत्रे अहाबाने लिहिली नव्हती, त्याने फक्त ताबा घेतला होता. तरी दोष त्याच्या नावावर लागतो. शेवटचा खरेदीदार ‘मला मागचे काही ठाऊक नव्हते’ म्हणून सुटत नाही, हा या अध्यायातला माझ्या मते सर्वांत अवघड भाग आहे.

आमच्या भागात ईजबेलीची गरज पडत नाही. एक साधी त्रुटी पुरते : वारसनोंद. आजोबांच्या नावावरचा सातबारा तीन पिढ्या तसाच असतो. तलाठी कार्यालयात जाण्याचा दिवस म्हणजे मजुरीचा एक दिवस बुडाला, म्हणून कोणी गेलेले नसते. आजोबांचे वारस आता चौदा-पंधरा झालेले असतात. एजंट त्यातला कर्जात बुडालेला एक शोधतो, त्याला इसार म्हणून थोडे पैसे देतो आणि अंगठा घेतो. बाकीचे दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले असतात, भिवंडीकडे, वसईकडे, कधी त्याहून लांब. पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात तेव्हा शेताला तारेचे कुंपण असते. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीची जमीन गैरमार्गाने बळकावणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण तक्रार करायची तर आपण वारस आहोत हे आधी सिद्ध करावे लागते, आणि गाडी पुन्हा त्या न झालेल्या नोंदीपाशी येते.

कातकरी बांधवांची स्थिती याहून बिकट. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष दुर्बळ गटात मोडतात. कित्येक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आहेत. जुन्या मालकाला शेतावर हाताशी मजूर हवे होते, म्हणून त्याने बसू दिले. गावठाणात नोंद नाही, झोपडीला घरपट्टी असेल तर असेल. शेती होती तोवर कोणाला अडचण नव्हती. शेजारी कारखाना आला, भाव चढला, मालकाने जमीन विकली. सातबारा स्वच्छ, मालक बिगर-आदिवासी, 36अ चा संबंध नाही, वकील म्हणतो बिनधास्त घ्या. कागदावर तिथे कोणीच राहत नाही. म्हणून कोणताही प्लॉट घेण्याआधी स्वतः जाऊन जमिनीवर उभे राहा, तेही भर दुपारी एजंटच्या गाडीतून नको. संध्याकाळी चुली पेटतात तेव्हा जा.

मग घ्यावे तरी काय

लेवीय 25 मध्येच एक वेगळी तरतूद आहे. तटबंदीच्या नगरातले घर विकले तर विकणाऱ्याला ते सोडवून घ्यायला एक वर्षाची मुदत. त्यानंतर ते घेणाऱ्याचे कायमचे. तट नसलेल्या खेड्यातले घर मात्र शेताबरोबर धरायचे, ते योबेलात परत जाते. नियमशास्त्राने शहरातली इमारत आणि गावातली जमीन यांना एकच माप लावले नाही. इमारत हे माणसाच्या हाताचे काम आहे आणि तिचा व्यवहार मोकळा ठेवला. जमिनीवर कुटुंबाचे पोट आहे, म्हणून तिला धरून ठेवले.

माझा सल्ला याच फरकावर उभा आहे. बोईसर, पालघर अशा ठिकाणी मंजूर लेआउटमधला, महारेरात नोंदलेला फ्लॅट किंवा गाळा घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. कारखान्यांत कायम नोकरीपेक्षा कंत्राटी कामगार जास्त असतात. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली ही मुले एका खोलीत सहा-सात जण राहतात, पाणी दिवसाआड. त्यांना स्वच्छ, परवडणारी खोली भाड्याने देणारा मालक चार पैसे मिळवतो आणि कोणाचे काही हिरावत नाही. त्या भाड्याला खरी गरज आहे. बंगल्याच्या प्लॉटला नाही. कारखान्यात मजुरी करणारा माणूस एजंटचा ‘भविष्यातला खरेदीदार’ कधीच नसतो, हे गणित पत्रक छापणाऱ्यांनी कोणाला सांगितलेले दिसत नाही.

गावातली शेतजमीन पाहणार असाल तर सातबारा आधी स्वतः वाचा. तो आता ऑनलाइन मिळतो. भोगवटादार वर्ग-1 आहे की वर्ग-2? वर्ग-2 असेल तर हस्तांतराला परवानगी लागते. ‘इतर हक्क’ या रकान्यात 36 किंवा 36अ चा शेरा आहे का? आणि सातबाऱ्यावर थांबू नका, जुने फेरफार काढा. आज बिगर-आदिवासीच्या नावावर दिसणारी जमीन 1974 नंतर कोणाकडून आणि कोणत्या आदेशाने आली ते फेरफारात सापडते. आदेशाचा क्रमांक नसेल तर भाव कितीही गोड असो, उठून घरी या. घेतलेली जमीन आधीपासून आपल्याकडे असेल आणि तिच्या मागे असे काही निघाले, तर वकिलाला विचारण्याआधी लूक 19 मधला जक्कय वाचा. मग वकिलाला विचाराच.

यिर्मयानेही शेत विकत घेतले होते. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलेला, संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल अनाथोथचे शेत घेऊन येतो. 17 शेकेल रुपे तोलून दिले जाते, खत लिहिले जाते, साक्षीदार सह्या करतात, मोहोरबंद आणि उघडी अशा दोन्ही प्रती बारूख मातीच्या भांड्यात ठेवतो. गुंतवणूक म्हणून याहून वाईट वेळ नव्हती. शत्रू त्या मुलखात उतरलेला होता. यिर्मयाने ते घेतले कारण सोडवण्याचा हक्क आणि कर्तव्य त्याचे होते. शेत कुटुंबाबाहेर जाऊ नये, म्हणून पैसा घातला गेला. जमिनीसाठी पैसा खर्च करण्याचा हाही एक मार्ग आहे. एका पाड्यातल्या सगळ्या खात्यांच्या वारसनोंदी करणे, सरकारी मोजणीची फी भरणे, वनहक्काचा दावा नीट भरून ग्रामसभेपुढे नेणे, या कामाला एका प्लॉटच्या टोकनाइतकाही पैसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि निवृत्त झालेल्या महसूल खात्यातल्या, बँकेतल्या, न्यायालयातल्या बंधुभगिनी आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत.

गटात चर्चेसाठी

अहाबाचा प्रस्ताव बाजाराच्या दृष्टीने योग्य होता. मग नाबोथाचे ‘नाही’ हट्ट होता का? आपल्या गावी कोणी असे ‘नाही’ म्हटले तेव्हा आपण कोणाच्या बाजूने बोललो?

पिकांवरून काढलेली किंमत आणि बातमीवरून ठरलेली किंमत यांतला फरक कोणाला मिळावा? सरकारी संपादनात 2013 च्या कायद्याने बाजारभावापेक्षा जास्त मोबदला मिळतो, तेवढ्याने नाबोथाचे म्हणणे निकालात निघते का?

आपल्या मंडळीत कोणाकडे अनुसूचित क्षेत्रातली जमीन आहे? तिचे फेरफार कोणी वाचले आहेत?

आणि एक प्रश्न पंचकमिटीसाठी. अनेक शहरांत मिशनच्या जुन्या जागांवर आज बिल्डरांची नजर आहे. त्या जागेवर कोणाच्या तीन पिढ्या राहत आल्या आहेत, आणि विक्रीच्या ठरावावर त्यांची सही आहे का?